पाण्याला विचारून निघा

दर वर्षी मे महिना लागला की आमच्या फिनिक्सच्या घरी फोन सुरू होतात. कुणाचे आईवडील भारतातून आलेले असतात, तर कुणाची कॉलेजची चौकडी पुणे, न्यू जर्सी आणि बे एरियातून येऊन लास व्हेगासला जमणार असते. भाड्याची मोठी गाडी ठरलेली असते. झायन, ब्राइस, पेज, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन आणि परत व्हेगास, असं सगळं चार दिवसांत उरकायचं असतं. "बसतंय ना एवढं?" इतकंच मला विचारायचं असतं.

बसतं. रस्ते उत्तम आहेत, नकाशावरचे तास जुळतात. तरीही या सगळ्यांना मी एकच विनंती करतो. ठिकाणं कागदावर मांडण्याआधी पाणी मांडा. एक तुमच्या गाडीतलं आणि दुसरं आभाळातलं. या दोन्हींचा हिशेब लागला की बाकीचा प्रवास आपोआप आखला जातो, आणि तो चार दिवसांत मावत नाही हेही तेव्हाच कळतं.

आपण पावसाच्या मुलखातली माणसं, त्यामुळे पाणी आपल्याला कळतं अशी आपली समजूत असते. युटा-अ‍ॅरिझोनात ती समजूत उपयोगाची नाही. मुंबईत चार पावलं चाललो की सदरा अंगाला चिकटतो, घाम दिसतो, तहान लागते. इथली हवा इतकी कोरडी की घाम येतो तसाच उडून जातो. कातडी कोरडी लागते, वाऱ्याची झुळूक असली तर बरंच वाटतं, आणि शरीरातलं पाणी मात्र जात राहतं.

हे मी वाचून नव्हे, चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून आम्ही ब्राइट एंजल वाटेनं खाली निघालो. आम्ही पाच जण होतो, त्यात एका मित्राचे वडील. अर्ध्या लिटरच्या सात बाटल्या घेतल्या आणि मला त्या पुष्कळ वाटल्या. दीड मैलावरच्या विसाव्यापर्यंत पाऊण तासात पोचलो. फोटो काढले, हसलो. वर यायला अडीच तास लागले. अर्ध्या वाटेवर काका एका दगडावर बसले आणि "मला जरा पडू दे" म्हणाले. सकाळी निळा दिसणाऱ्या त्यांच्या शर्टावर पाठभर पांढऱ्या मिठाच्या रेघा उमटल्या होत्या. एरवी मवाळ माणूस, पण पाणी पुढे केलं तर चिडून बाटली ढकलू लागले. खालून येणाऱ्या एका अनोळखी बाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "लघवीला शेवटचं कधी गेलात?" काकांना आठवेना. तिनं तिच्याजवळचं पाणी त्यांच्या मानेवर आणि शर्टावर ओतलं, खारी बिस्किटं खायला लावली, अर्धा तास सावलीत बसवून ठेवलं. त्या बाईचं नावही विचारायचं भान मला राहिलं नाही.

आपली गडवाट इथे उलटी होते, हे नीट समजून घ्या. राजगड-तोरण्याला सकाळी ताज्या पायांनी चढतो आणि दमल्यावर उतरतो. कॅन्यनमध्ये ताज्या पायांनी उतरायचं आणि भर उन्हात, दमलेल्या पायांनी चढायचं असतं. त्यातून दक्षिण काठ २,१०० मीटर उंचीवर. काठावर गार वाटतं, खाली तळाशी उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उतरायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला धरा. काठावरून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ नका, असं तिथलं व्यवस्थापन पाट्या लावून सांगतं. तो सल्ला धडधाकट तरुणांसाठीही आहे.

माणशी दिवसाला चार लिटर पाणी, हा झायनमध्ये दिला जाणारा हिशेब सगळीकडे धरा. पाच माणसं, एक दिवस, म्हणजे वीस लिटर. नुसतं पाणीच ढोसत राहिलात तरी घात होतो, कारण अंगातलं मीठ उतरतं. खारे दाणे, चिवडा, ओआरएसची पाकिटं, मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत बरोबर असू द्या. डोकं दुखणं, मळमळ आणि उगाच चिडचिड, यातलं काहीही दिसलं की त्या माणसाला सावलीत बसवा. त्याचं "काही नाही रे, चल" ऐकू नका. चालायचं असेल तर सूर्य उगवताना निघा आणि दहाच्या आत परत या.

आता आभाळातलं पाणी. अ‍ॅरिझोनातही पावसाळ्याला मॉन्सूनच म्हणतात आणि १५ जून ते ३० सप्टेंबर असा त्याचा काळ धरतात. शब्द ओळखीचा म्हणून आपण निर्धास्त होतो. पण इथे दिवसभराची झड नसते. सकाळ लख्ख असते, दुपारी कुठेतरी दूर ढग उभे राहतात, तासाभरात ओततात आणि मोकळे होतात. जमीन बहुतेक खडकाचीच, पाणी मुरणार कुठे? ते सगळं घळीत उतरतं.

पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. वरून झिरपणारा उजेड, लाटांसारख्या वळत गेलेल्या लाल भिंती. नव्हाजो या इथल्या मूळ रहिवाशांनी त्यातल्या वरच्या घळीला दिलेलं नाव आहे 'त्से बिघानिलिनी', म्हणजे खडकांतून पाणी वाहतं ती जागा. ज्यांची ती भूमी आहे त्यांनी नावातच सांगून ठेवलंय. १२ ऑगस्ट १९९७ रोजी खालच्या घळीत उतरलेल्या ११ पर्यटकांना लोंढ्यानं ओढून नेलं. घळीवर पाऊस जवळजवळ नव्हताच, तो पडला होता काही मैल वर. झायनमध्ये १४ सप्टेंबर २०१५ रोजी कीहोल कॅन्यनमध्ये गेलेली ७ माणसं अशीच गेली.

सह्याद्रीतली चिंचोळी सांदण दरी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात सांदणमध्ये कुणी उतरत नाही. तरीही जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच घरातली ५ माणसं वाहून गेली. डोंगरात वर पाऊस झाला की खालच्या उथळ पाण्यात उभ्या माणसाला सावरायला क्षणही मिळत नाही. तिथे निदान अंगावर पाऊस तरी असतो. इथे डोक्यावर निळं आभाळ असतं.

म्हणून निघण्याच्या सकाळी हवामान खात्याचा अंदाज पाहा, आणि तो नुसता त्या ठिकाणचा नव्हे, वरच्या सगळ्या पाणलोटाचा. झायनमध्ये रोज लोंढ्याची शक्यता जाहीर होते. ती 'शक्य' असली तरी वयस्कर माणसं आणि मुलं बरोबर असताना नॅरोजमध्ये, म्हणजे व्हर्जिन नदीच्या पात्रातल्या चिंचोळ्या वाटेत, शिरू नका. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत आला, घरघर ऐकू आली, तर सामान टाकून उंच जागा गाठा. पळत घळीच्या तोंडाकडे जाऊ नका, पाणी तुमच्याहून वेगानं येतं. रस्त्यावरही तेच. कोरडे ओढे, ज्यांना इथे वॉश म्हणतात, पाऊस झाला की भरून वाहतात. अडथळा लावलेला असताना अ‍ॅरिझोनात कुणी तो ओलांडून पाण्यात गाडी घातली, तर सुटकेचा खर्च कायद्यानं त्याच्याकडून घेता येतो.

अँटिलोपमध्ये आता नव्हाजो वाटाड्याशिवाय जाताच येत नाही. त्यानं फेरी रद्द केली तर कृपा करून हुज्जत घालू नका. माझ्याच पाहुण्यांना तिकिटाच्या पैशांवरून वाद घालताना मी पाहिलंय आणि मान खाली घातलीय. खरं कारण पैसा नसतोच. पुढच्या मुक्कामाचं बुकिंग झालेलं असतं, उद्या जमणार नसतं. धोका पत्करायला लावते ती घट्ट आखणी. चार दिवस असतील तर दोन किंवा तीन ठिकाणं धरा, आणि एक दिवस मोकळा ठेवा. फेरी रद्द झाली तर तो दिवस हाताशी असतो.

घड्याळाचा घोळही लक्षात घ्या. उन्हाळ्यात युटाचं घड्याळ अ‍ॅरिझोनाच्या तासभर पुढे असतं. नव्हाजो प्रदेश बराचसा अ‍ॅरिझोनात असूनही युटाप्रमाणे चालतो, पेज गाव मात्र अ‍ॅरिझोनाप्रमाणे. फोन मधेच कुठलातरी टॉवर पकडतो आणि वेळ बदलतो. बुकिंगची वेळ कुठल्या घड्याळानं, हे विचारून कागदावर लिहून ठेवा. कागदावर म्हणतोय, कारण मैलोन्‌मैल नेटवर्क नसतं. नकाशे आधी उतरवून घ्या. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. युटात ग्रीन रिव्हर ते सलायना या मोठ्या महामार्गावरसुद्धा शंभर मैलांहून अधिक अंतरात पंप नाही. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघू नका.

मॉन्युमेंट व्हॅली ही नव्हाजो लोकांची आहे. राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथे चालत नाही, दारू आणि ड्रोनला मनाई आहे. माणसांचे, घरांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

आणि एक गोष्ट पायाखालची. युटातल्या मोआबच्या बाजूला, आर्चेस राष्ट्रीय उद्यानात, शेकड्यांनी नेढी, म्हणजे खडकातली आरपार भोकं, आहेत. रतनगडाच्या नेढ्यात बसलेल्यानं ती पाहावीतच. पण तिथे वाट सोडू नका. वाटेच्या कडेला काळपट, फुगीर, चुरचुरीत पापुद्रा दिसतो तो जिवंत आहे. सूक्ष्म जीवांनी वाळू धरून ठेवलेली असते. एका पावलानं तो मोडतो आणि पुन्हा धरायला वर्षानुवर्षं लागतात.

गेल्या वर्षी एका मैत्रिणीनं माझं ऐकलं. आईवडिलांना घेऊन चार दिवसांत फक्त झायन आणि ग्रँड कॅन्यन केलं. संध्याकाळी ग्रँडव्ह्यू पॉइंटवर काकू बाकावर बसल्या होत्या. समोरच्या सुळक्याचं नाव विष्णू टेंपल, हे त्यांना लेकीनं सांगितलं. क्लॅरन्स डटन या भूशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात इथल्या शिखरांना अशी नावं दिली. तळाशी सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा काळा खडक आहे, त्यालाही विष्णूचंच नाव. काकूंनी चप्पल काढून पाय बाकावर घेतले, थर्मासमधलं सरबत कपात ओतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या कुठे जायचं ते. मी इथंच बसते." कुणालाच कुठे जायचं नव्हतं. सुळक्यावरचं ऊन उतरेपर्यंत तिघंही तिथेच होती.