औषध कोणाच्या पैशाने, पेटंट कोणाच्या नावाने?

विद्यापीठांच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांची वार्तापत्रे ज्यांच्या पाहण्यात येतात त्यांना त्यांचा साचा सांगायला नको. पहिल्या पानावर प्राचार्य एखाद्या कंपनीच्या अधिकाऱ्याशी हस्तांदोलन करीत सामंजस्य करारावर सही करताना दिसतात. आत कोणाला किती लाखांचे अनुदान मिळाले याची नोंद असते. त्याखाली वर्षभरात किती पेटंट अर्ज दाखल झाले, किती मंजूर झाले याची यादी असते, आणि शेवटी मानांकनात महाविद्यालयाने किती पायऱ्या चढल्या याची चौकट असते. संशोधनाची वार्ता म्हणून हे सारे छापले जाते. त्यात एक गोष्ट मात्र शोधूनही सापडत नाही. ज्या रोगावर संशोधन झाले त्या रोगाने पिडलेल्या माणसाला ते औषध कोणत्या किमतीला मिळणार, आणि ती किंमत ठरविण्याचा अधिकार विद्यापीठाने कोणाच्या स्वाधीन केला, याविषयी अवाक्षर नसते.

हे मौन अनवधानाने पाळले जाते असे मानण्याइतके आपण भाबडे नसावे. त्यामागे एक व्यवस्था आहे आणि तिचे जन्मस्थान अमेरिका हे आहे. १९८० साली तेथे बाय-डोल कायदा झाला. सरकारी पैशातून झालेल्या शोधांवर विद्यापीठांना पेटंट घेता यावे आणि ती पेटंटे खाजगी कंपन्यांना परवान्याने देता यावीत, अशी सोय त्या कायद्याने केली. कंपन्यांनी त्या शोधाचा लाभ जनतेला रास्त रीतीने दिला नाही तर सरकारने हस्तक्षेप करावा अशीही तरतूद त्यात घातली गेली. ही तरतूद किंमतीच्या कारणास्तव वापरावी अशी मागणी तेथे वारंवार झाली, पण चार दशकांत एकदाही ती वापरली गेली नाही.

या व्यवस्थेत जी नावे अभिमानाने घेतली जातात त्यांत मिनेसोटा विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाचे नाव अग्रभागी आहे. तेथील प्राध्यापक रॉबर्ट व्हिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९८०च्या दशकात कार्बोव्हिर नावाचे संयुग तयार केले. त्या कामातून पुढे अबाकाव्हिर हे एड्सवरील औषध आले आणि अमेरिकेत १९९८च्या डिसेंबरात त्याला मान्यता मिळाली. ते विकणाऱ्या ग्लॅक्सो कंपनीशी विद्यापीठाला रॉयल्टीसाठी न्यायालयात भांडावे लागले. १९९९ साली तडजोड झाली आणि त्यानंतर विद्यापीठाच्या तिजोरीत सारे मिळून ६० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम आली. व्हिन्स यांच्या शास्त्रीय कर्तृत्वाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आलेल्या पैशातून औषधसंशोधनाचे एक नवे केंद्र उभे राहिले हेही नाकारता येत नाही. पण त्या महाविद्यालयाच्या गौरवगाथेत हा साठ कोटींचा आकडा जितक्या ठळकपणे येतो तितक्या ठळकपणे हे येत नाही की, मान्यता मिळाली त्या वर्षी एड्सने मरणारी बहुसंख्य माणसे सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत होती आणि त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाही ते औषध परवडणारे नव्हते. विद्यापीठ भांडले ते रॉयल्टीसाठी. रुग्णाला पडणाऱ्या किमतीसाठी ते त्याच त्वेषाने भांडल्याचे ऐकिवात नाही.

भांडता आले असते काय? आले असते. त्याचा पुरावा दुसऱ्या एका विद्यापीठाने, खरे म्हणजे त्याच्या विद्यार्थ्यांनी, दिला. स्टाव्हुडिन हे एड्सवरचे दुसरे औषध. मूळ रेणू जेरोम हॉरविट्झ या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात कर्करोगासाठी तयार केला होता, तोही सरकारी पैशावर. त्याच हॉरविट्झ यांनी १९६४ साली झिडोव्हुडिन म्हणजे एझेडटी तयार केले होते. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही, आणि पुढे दुसऱ्याच कंपनीने एड्ससाठी ते घेऊन अमाप पैसा केला. स्टाव्हुडिन एड्सच्या विषाणूवर चालते हे येल विद्यापीठाच्या औषधशास्त्र विभागातील विल्यम प्रुसॉफ आणि ताई-शुन लिन यांनी दाखविले. येलने पेटंट घेतले आणि ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीला त्याचा एकहाती परवाना दिला. २००१च्या फेब्रुवारीत मेदसाँ साँ फ्रांतिए या डॉक्टरांच्या संघटनेने येलला लिहिले की, दक्षिण आफ्रिकेत या औषधाची स्वस्त प्रत आणू द्या. विद्यापीठाचे पहिले उत्तर ठरीव होते: परवाना देऊन टाकला आहे, आमच्या हाती काही नाही. कायदा शिकणारे विद्यार्थी ते उत्तर मानायला तयार झाले नाहीत. त्यांनी सह्या गोळा केल्या, प्राध्यापकांना गाठले. खुद्द प्रुसॉफ यांनी वृत्तपत्रात लिहून, आपले औषध गरिबांना मिळावे असे जाहीर केले. १४ मार्च २००१ रोजी कंपनीने घोषणा केली की दक्षिण आफ्रिकेत आपण हे पेटंट बजावणार नाही. म्हणजे जे हाती नव्हते ते चारपाच आठवड्यांत हाती आले.

लक्षात घ्या, त्याच महिन्यात ३९ औषध कंपन्या दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला स्वस्त औषधांच्या कायद्यापायी न्यायालयात खेचून उभ्या होत्या. जगभर छीथू झाल्यावर एप्रिलमध्ये त्यांनी तो खटला मागे घेतला.

आणि स्वस्त प्रत येणार होती कोठून? मुंबईहून. २००१च्या फेब्रुवारीतच सिप्ला कंपनीने स्टाव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन या तिन्ही औषधांचा वर्षाचा उपचार या डॉक्टरांच्या संघटनेला ३५० डॉलरांत देऊ केला होता. पाश्चात्त्य बाजारात तसा उपचार वर्षाला १०,००० डॉलरांच्या वर जात होता. सिप्ला हीही भांडवलदारांची कंपनी आहे आणि तिला संत ठरविण्याचे आपल्याला कारण नाही. ती हे करू शकली ते १९७०च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९च्या अहवालातून तो कायदा उभा राहिला आणि १९७२ साली अमलात आला. औषधाच्या वस्तूवर पेटंट नाही, फक्त ते करण्याच्या कृतीवर, आणि तेही फार तर सात वर्षे, हा त्याचा गाभा होता. पण कायदा असून भागत नाही. निराळी कृती शोधणारी माणसे लागतात. ती आपल्या सार्वजनिक संस्थांनी घडविली. १९९३ साली सिप्लाने भारतात एझेडटी आणले ते हैदराबादच्या सरकारी रसायन संशोधन संस्थेत बसविलेल्या कृतीवर. त्या संस्थेचे तेव्हाचे संचालक ए. व्ही. रामाराव हे मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे आपल्या माटुंग्याच्या यूडीसीटीचे विद्यार्थी, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तयार झालेले. या संस्थांच्या खऱ्या वार्ता लिहायच्या तर त्या अशा लिहाव्या लागतील. त्यांत पेटंटाची संख्या येणार नाही, वाचलेल्या माणसांची येईल.

तो १९७०चा कायदा आता राहिला नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी २००५ साली वस्तू-पेटंट परत आले. डाव्या आणि समाजवादी मंडळींच्या रेट्याने कलम ३(ड) त्यात घातले गेले, त्याच्याच आधारे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा ग्लिव्हेकवरील दावा फेटाळला. त्या निकालाचा आपण योग्य तो आनंद केला. परंतु आपल्याकडे एक आंधळी जागा आहे, ती स्वतःशी कबूल केली पाहिजे. बासेलच्या कंपनीविरुद्ध घोषणा देताना आपला आवाज चढतो, आणि तेच काम विद्यापीठ करू लागले की आपण टाळ्या वाजवितो. लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ हे सार्वजनिक विद्यापीठ आहे. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील एन्झालुटामाइड हे औषध तेथे सरकारी पैशावर शोधले गेले. २०१६ साली त्याच्या रॉयल्टीचे हक्क सव्वाशे नव्हे, सव्वाअकराशे कोटी नव्हे, तर त्याहून कितीतरी मोठ्या रकमेला, म्हणजे १०० कोटी डॉलरांच्या वर विकले गेले. त्याच वर्षी भारतीय पेटंट कार्यालयाने त्याचा अर्ज फेटाळला, तेव्हा हेच विद्यापीठ दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागायला आले. ज्ञानाचे मंदिर म्हणवणारी संस्था आपल्या देशातील कर्करुग्णाच्या विरोधात उभी राहते ही गोष्ट नोव्हार्टिसच्या दाव्यापेक्षा कमी गंभीर नाही.

आपल्याकडे हीच वाट पाडण्याचा यत्न झालेला आहे. २००८च्या डिसेंबरात राज्यसभेत एक विधेयक आणले गेले. सरकारी निधीतून निघालेल्या बौद्धिक संपदेचे संरक्षण आणि उपयोग असे त्याचे लांबलचक नाव, आशय बाय-डोलचाच. शास्त्रज्ञाला उत्पन्नाचा किमान तीस टक्के वाटा द्यायचे आमिष त्यात होते, आणि शोध कळविला नाही तर संस्थेवर कारवाईची धमकीही. विरोध झाला, विधेयक रखडले आणि २०१४ साली मागे घेतले गेले. समोरच्या दाराने जे आले नाही ते मागच्या दाराने आले. राष्ट्रीय मानांकनात औषधनिर्माणशास्त्राची स्वतंत्र यादी निघते, आणि त्यात किती पेटंटे प्रसिद्ध व मंजूर झाली याला गुण आहेत. २०२१ साली शैक्षणिक संस्थांसाठी पेटंटची फी ८० टक्क्यांनी उतरविली गेली. मग प्राचार्य पेटंट मोजणार नाहीत तर काय करतील? ज्या महाविद्यालयात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत, तेथेही पेटंटचा कक्ष मात्र उद्घाटनासह उघडतो.

यावर ठरलेले उत्तर येते: पेटंट नसेल तर कंपनी पैसा घालणार नाही, आणि प्रयोगशाळेतला रेणू कपाटातच राहील. या म्हणण्यात तथ्य आहे. रुग्णांवरील चाचण्यांना प्रचंड खर्च येतो आणि विद्यापीठाला तो झेपत नाही. पण यावरून परवाना द्यावा एवढेच सिद्ध होते. तो बिनशर्त आणि एकहाती द्यावा हे सिद्ध होत नाही. अटी घालता येतात, आणि त्या घातल्याचे उदाहरण औषधनिर्माणशास्त्राच्याच एका विद्याशाखेचे आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात किशोर वसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँफोटेरिसिन-बी हे सलाईनमधून द्यावे लागणारे औषध तोंडाने घेता यावे असे रूप तयार केले. काळा आजार हा त्यांच्यासमोरचा रोग, बिहारच्या मुसहर टोल्यांना चांगला परिचित. २००८ साली विद्यापीठाने त्याचा परवाना कंपनीला दिला तेव्हा विकसनशील देशांतील काळ्या आजाराच्या रुग्णांना ते परवडेल अशा किमतीत मिळावे, ही अट करारातच लिहिली. औषध यशस्वी होणे न होणे हा प्रयोगाचा भाग. पण अट घातली म्हणून कंपनी पळून गेली नाही.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांपुढे काम आहे आणि ते दूरचे नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या अधिसभांवर पदवीधर मतदारसंघातून आपली माणसे निवडून जातात. तेथे ती शुल्कवाढीवर, वसतिगृहांवर, निकालांच्या विलंबावर बोलतात, आणि ते बोललेच पाहिजे. पण औषधनिर्माणशास्त्राच्या विभागांनी गेल्या दहा वर्षांत कोणत्या कंपन्यांशी कोणते करार केले, त्यांतील कोणते एकहाती आहेत, सरकारी दवाखान्यांना पुरवठ्याची अट कोणत्या करारात आहे, हे अर्थसंकल्पाच्या बैठकीत विचारलेले माझ्या तरी कानावर आलेले नाही. हे करार व्यापारी गुपित आहेत असे सांगितले जाईल. २००५च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात व्यापारी गुपितालाही अपवाद आहे: व्यापक लोकहित दिसत असेल तर माहिती द्यावी लागते. तो अर्ज आपल्यापैकी कोणी तरी, पुढच्या बैठकीच्या आधी, टाकावा. उत्तर आले की त्याची प्रत या साप्ताहिकाकडे पाठवावी. आणि नाकारले गेले तर नाकारल्याचे पत्रही पाठवावे.