फिट थांबते, बोलणं थांबत नाही

फिट आली तर ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत थांबते. बाईच्या फिटबद्दलचं बोलणं मात्र जन्मभर चालू राहतं. ‘लागिर झालंय’, ‘बाहेरचं काहीतरी आहे’, ‘खोट लपवून गळ्यात मारली’. गावोगावच्या बैठकांत ही वाक्यं इतक्या सहज कानावर पडतात, की ती हिंसा आहे असं कुणाला वाटतही नाही. माझं म्हणणं असं, की आजारापेक्षा हे बोलणंच बाईला जास्त उद्ध्वस्त करतं.

अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. पेशींचे विद्युत संदेश काही काळ अनियंत्रित होतात. तो स्पर्शानं पसरत नाही आणि ते वेडही नाही. नियमित औषधांनी दहापैकी सुमारे सात जणांच्या फिट्स थांबू शकतात. मग अनेक बायकांच्या का थांबत नाहीत? कारण गोळी चोरून घ्यावी लागते. लग्न मोडेल म्हणून माहेरचे आजार लपवतात. सासरी गोळ्या तांदळाच्या डब्यात दडवल्या जातात. एक दिवस चुकते, मग बंदच होते. औषध अचानक थांबलं की फिट्स वाढतात. चुलीपुढे किंवा विहिरीच्या काठावर आली, तर जिवावर बेततं. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईनं फडावर महिनोन्‌महिने गोळी कुठून आणायची?

लपवलं म्हणून आईला दोष देणं सोपं आहे. पण खरं सांगितलं असतं, तर त्या मुलीला आपण सून करून घेतलं असतं का? मुलाला फिट येत असेल, तर ‘लग्न केलं की बरा होईल’ म्हणून त्याला बायको आणतात. मुलीला येत असेल, तर तिला माहेरी आणून सोडतात. आजार एक, न्याय दोन!

कायदासुद्धा याच भाषेत बोलत होता. १९७६ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांशेजारी अपस्माराचे झटके लिहिले गेले आणि त्या कारणावरून लग्न रद्द करून घेता येऊ लागलं. १९९९ च्या दुरुस्तीनं ‘अपस्मार’ हा शब्द काढला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. कायद्यातून शब्द गेला, ओसरीवरून गेला नाही.

१९८८ साली आपल्याच नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. नवऱ्यानं टाकणं हे बाईचं नशीब नाही, तो समाजाचा प्रश्न आहे, हे त्या चळवळीनं ठणकावून सांगितलं. फिट येते म्हणून टाकलेल्या बाईला तिथंही ‘तिचं वेगळं आहे’ म्हणून बाजूला ठेवायचं का?

मैत्रिणींनो, आपल्या गटापासून सुरुवात करू या. ‘फिटवाली’ म्हणायचं नाही, तिला नावानं हाक मारायची. फिट आली तर तिला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा. दिवस राहिले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. आणि स्थळाची बोलणी चालू असतील, तर आजार उघड सांगणाऱ्या आईच्या शेजारी आपल्यापैकी दोघी-तिघींनी जाऊन बसायचं. गोळी डब्यातून बाहेर येऊन फळीवर दिसली पाहिजे.