पणजोबांचा नंबर काय?

टॉवेलची ऑर्डर द्यायला मॉरिशसहून सोलापुरात आलेला आमचा क्लायंट चक्क मराठी निघाला! त्याचे खापरपणजोबा मुंबईहून बोटीने उसाच्या मळ्यात गेले, गिरमिटावर. १८३४ पासून तिथे असे सुमारे साडेचार लाख मजूर उतरले. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या दप्तरात त्याला पणजोबांचा नंबर, गाव, अगदी उंचीसुद्धा सापडली.

मी म्हटलं, "लकी आहात!"

तो मोडक्या मराठीत म्हणाला, "बांधलेला माणूस पळू नये, म्हणून लिहिलं होतं."

मी गप्प. माझे पणजोबा तेलंगणातून इथल्या मिलमध्ये आले, आपल्या मर्जीने. कागद एकही नाही.

रात्री फोन लावला. "आज्जी, तुझ्या सासऱ्यांचं गाव कोणतं गं?"