आडवी बाटली आणि बिननावाची मुलगी

मेडशीत बैठक आटोपल्यावर आम्ही काही जणींनी ‘उडता पंजाब’ पाहिला. अभिषेक चौबे यांचा हा 2016 चा हिंदी चित्रपट. अर्ध्यावरच दोघी उठून ओसरीवर जाऊन बसल्या. चित्रपट वाईट होता म्हणून नव्हे, बघवेना म्हणून. असा चित्रपट बायकांच्या गटात दाखवावा का, यावर मग वाद झाला. माझे मत : दाखवावा. पण दाखवून नुसते घरी जाऊ नये.

आलिया भट्टने रंगवलेली मुलगी बिहारमधून पंजाबात शेतमजुरीला आलेली. सीमेपलीकडून फेकलेली हेरॉईनची पिशवी तिच्या हाती लागते. ती विकली तर दिवस पालटतील, एवढेच तिला वाटते. धंदेवाले तिला डांबतात, सुया टोचतात, तिच्यावर बलात्कार करतात. दिग्दर्शक हे चवीने दाखवत नाही. मरायला निघालेल्या गायकाला ती आपली हकीगत सुनावते, तेव्हा दया मागत नाही. आपल्याकडे व्यसनाची कथा म्हटली की गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सोसणारी सिंधू डोळ्यांपुढे येते. ही मुलगी सोसून थांबत नाही, सुटते.

तरी दोन गोष्टी खटकतात. सिनेमाभर या मुलीचे खरे नाव कळत नाही. आणि व्यसनमुक्तीचे काम करणारी, धंद्याचे पुरावे जमवणारी डॉक्टर शेवटी मारली जाते. तिच्या मरणाने जाग येते ती पुरुषाला. बाईच्या मरणाशिवाय पुरुष जागाच होत नाही का?

कुणी म्हणेल, पावडरचा आणि मेडशीचा काय संबंध? आपल्याकडचे व्यसन दारूचे. पण माल कुणाचा, हप्ता कुणाला, पुढारी कुठे उभा, हे चित्र ओळखीचेच आहे. सेन्सॉर मंडळाने तर या चित्रपटातून पंजाबचे नावच काढायला सांगितले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जून 2016 मध्ये एका काटछाटीवर तो मोकळा केला. गावाचे नाव पुसले की दोष कुणाचाच उरत नाही.

आपल्या हाती एक कायदेशीर वाट आहे. 2008 च्या राज्य सरकारच्या आदेशाप्रमाणे गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला तर दुकानाबाबत गुप्त मतदान होते. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मेख अशी की आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते लागतात, आलेल्यांपैकी नव्हे. म्हणजे कामाला परगावी गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, नवऱ्याने दाराआड ठेवलेली, प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजल्यासारखीच! आमदार निवडताना ही अट का नसते?

दुकान बंद झाले तरी हातभट्टी उरते. चंद्रपुरात बायकांनी वर्षानुवर्षे लढून 2015 मध्ये दारूबंदी मिळवली. 2021 मध्ये सरकारने ती उठवली. म्हणून मतदानाबरोबरच पिणाऱ्याच्या उपचाराची सोय आणि मार खाणारीला आसरा, या दोन्ही मागण्या एकाच दमात मांडायला हव्यात.

ओसरीवर बसलेल्या दोघींपैकी एक जाताना म्हणाली, “मला सिनेमात पाहायची गरज नाही, ताई. सह्यांचा कागद कधी आणता ते सांगा.” चर्चा इथूनच सुरू व्हावी. त्या कागदावर मात्र प्रत्येकीचे पूर्ण नाव हवे.