पगार आला, बाई गेली



मानधनाविषयी या पानांवर आपण नेहमी लिहितो. अंगणवाडी सेविका, आशाताई, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायका. या वेळी उलट्या टोकाकडून पाहू. भरघोस पगार कोणाला मिळतो, आणि तो आला की त्या जागेवरच्या बाईचे काय होते?

अमेरिकेत बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, डॉक्टरही नसतो. तो सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक असतो. २०२३ साली टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला कराराच्या मध्येच काढले, तेव्हा त्याचे देणे निघाले साडेसात कोटी डॉलरच्या पुढे, म्हणजे सहाशे कोटी रुपयांहून जास्त. काम न करण्याचे!

मंठ्यातल्या एखादीला वाटेल, आपल्याला काय त्याचे. पण याच महाविद्यालयांत आणखी एक गोष्ट घडली. १९७२ साली तिथे कायदा झाला की सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही. मुलींच्या खेळांना पैसा मिळाला, लाखो मुली मैदानावर आल्या. त्याआधी मुलींच्या दर दहा संघांपैकी नऊ संघांना बायकाच शिकवत, बहुधा फुकट किंवा इतर नोकरी सांभाळून. कायद्यानंतर प्रशिक्षकाची जागा पगारी झाली, आणि आज तिथे निम्म्याहून कमी बायका आहेत. मुलांच्या संघांवर तर बाई औषधालाच.

आपल्याकडे काय झाले? १९७३ साली स्त्रियांच्या क्रिकेटची संघटना झाली, पहिली स्पर्धा पुण्यात भरली. खेळाडू बिनआरक्षणाच्या डब्यातून जात, मिळेल तिथे झोपत. २००६ साली हा खेळ क्रिकेट मंडळाकडे गेला. सुधा शहा, पूर्णिमा राव यांनी भारतीय संघाला शिकवले. एप्रिल २०१७ मध्ये पूर्णिमाताईंना दूर केले गेले. जुलैत संघ लॉर्ड्‌सवर अंतिम सामना खेळला, आणि लोकांचे लक्ष व पैसा या खेळाकडे वळला. तेव्हापासून २०२५ चा विश्वचषक नवी मुंबईत जिंकेपर्यंत मुख्य प्रशिक्षक झाले ते सगळे पुरुषच. अमोल मुझुमदार यांचे काम चांगलेच आहे, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. २०२२ साली मंडळाने सामन्याचे मानधन स्त्री-पुरुषांना सारखे केले, त्याचेही स्वागत. पण शिकवण्याच्या खुर्चीबद्दल कोणी बोलले नाही. २०२३ मध्ये स्त्रियांची लीग सुरू झाली, तेव्हा पाच संघांच्या पाच मुख्य प्रशिक्षकांत एकही भारतीय बाई नव्हती.

आता मंठ्यात येऊ. इथे खो-खो, कबड्डीच्या मुलींना पहाटे शिकवणाऱ्या ज्या दोघीतिघी मी पाहते, त्या कधीकाळी विद्यापीठाच्या संघात खेळलेल्या. पगार नाही. जालन्याला स्पर्धा असली की एसटीचे तिकीट पुष्कळदा स्वतःच्या पर्समधून. कोणाची पाळी आली, कोणाचे आईबाप ऊसतोडीला गेले म्हणून ती आजीकडे राहते, कोणाच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, हे सगळे त्यांना ठाऊक. "सोबत बाई आहे ना?" एवढे विचारूनच आई मुलीला गावाबाहेर पाठवते. या कामाला कुठल्या रजिस्टरात रकाना नाही.

उद्या इथे पगारी पद निघाले, तर ते यांना मिळेल का? मला शंका आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका मागतील. ती करायची म्हणजे वर्षभर घर सोडायचे. कडेवर पोर असलेल्या बाईला कोण सोडणार? मग म्हणतील, लायक बाई मिळाली नाही. अट कागदावर सर्वांना सारखी, पण तिच्यातून गाळली जाते ती बाईच.

आणि प्रश्न फक्त पगाराचा नाही. संघात कोण राहणार, बाहेरगावी कोण जाणार, हे ज्याच्या हातात त्याच्यापुढे मुलगी गप्प बसते. जानेवारी २०२३ मध्ये कुस्तीतल्या मुली जंतरमंतरवर बसल्या. देशासाठी पदके आणलेल्या त्या. त्यांना इतकी वर्षे बोलता आले नाही, तर आठवीतल्या पोरीला कसे येईल? लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचे ठिकाणही येते, हे आपल्याच कार्यकर्त्यांना फारसे माहीत नसते.

पुरुषांनी मुलींना शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. पण मुलींच्या संघावर पगारी जागा निघेल तेव्हा आज फुकट राबणारीचा अनुभव धरला जावा, आणि पदविकेसाठी जाणारीला विद्यावेतन व मुलासोबत राहण्याची सोय मिळावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

पुढच्या अंकाआधी प्रत्येक गटाने आपापल्या तालुक्यात विचारून कळवावे: मुलींना कोण शिकवते, तिला किती मिळतात, आणि तक्रार समितीचे नाव-फोन मैदानावर कुठे लावले आहे का. पोस्टकार्डावर लिहिलेत तरी चालेल.