कडीचा डबा

कडीच्या डब्याची जागा स्वयंपाकघरात आहे, मोटारीच्या बॉनेटखाली नाही, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी ऐकीव माहितीवर बनवलेलं नाही. त्यापायी मी एक डबा, दोन हात रबरी नळी, तीन रविवार आणि सौभाग्यवतींचा माझ्यावरचा उरलासुरला विश्वास खर्ची घातला आहे.

आमच्या नगर जिल्ह्याला (2024 पासून अहिल्यानगर, पण जिभेचं वळण एका सरकारी आदेशाने बदलत नाही) यंत्रांचं वेड जुनंच. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्था आमच्याकडे, रणगाड्यांचं संग्रहालय आमच्याकडे, आणि एके काळी घरोघर फटफटणारी लूनासुद्धा इथल्याच किनेटिकच्या कारखान्यातली. अशा गावात ज्याने कधी हातात पाना धरला नाही, त्याला चारचौघांत मान वर करून बोलण्याची सोय नसते.

मला ती सोय करून दिली पुण्याच्या मेव्हण्यांनी. त्यांनी आमच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं, एअर फिल्टरकडे जाणाऱ्या नळीत बोट घातलं, आणि तेलाने माखलेलं ते बोट माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचं इंजिन तेल पितंय!"

त्यांनी सांगितलेलं शास्त्र खरं होतं. सिलिंडरमधला थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली तेलाच्या खोलीत उतरतोच. तो कोंडून राहिला तर दाब वाढेल, म्हणून त्याला बाहेर वाट ठेवतात. पूर्वी ही वाट सरळ रस्त्यावर उघडत असे. 1960 नंतर हवेच्या प्रदूषणाची ओरड झाली, तेव्हा ती वळवून पुन्हा इंजिनाच्या श्वासात सोडली. त्या वायूबरोबर तेलाचे बारीक कण येतात. मध्ये एक डबा बसवला आणि त्यात तारेची घासणी कोंबली, की कण तिला अडून थेंब होतात आणि खाली साठतात.

लगेच कामाला लागलो. डबा सौ.च्या फळीवरचा. झाकणाला दोन भोकं, त्यांत पितळी तोट्या, आत भांड्यांची नवी कोरी घासणी. नळी मात्र घरात पडलेली कूलरची वापरली. "ही चालेल ना हो?" असं सौ.ने विचारलं होतं. "न चालायला काय झालं?" असं मी म्हणालो होतो. हा संवाद पुढे आमच्या घरात बरेचदा उद्धृत झाला.

पहिल्या रविवारी डब्यात दोन चमचे तेल निघालं. दुसऱ्या रविवारी पाव वाटी, तिसऱ्या रविवारी अर्धी. मी तो डबा शेजारीपाजारी फिरवला. "वा! काय पकडतोय हो!" असं सगळे म्हणाले. एवढं तेल मुळात येतंय कुठून, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. घर गळू लागलं की घमेलं मांडायचं आणि घमेलं भरलं की घमेल्याचं कौतुक करायचं, ही आपली जुनीच रीत. कौल फिरवायला कोणी वर चढत नाही.

मग नवरात्र आलं. आईला मोहट्याला देवीच्या दर्शनाला न्यायचं होतं. चांदबिबीचा महाल मागे पडला. आपण त्याला महाल म्हणतो, पण ती सलाबतखानाची कबर आहे. नुसत्या नावावरून वस्तूचं खरं रूप कळत नाही, हे मला तिथेच सुचायला हवं होतं. करंजीच्या घाटात गाडीला जोर लागला, वायू वाढला, आणि गरम तेलाने मऊ पडलेली ती कूलरची नळी आतल्या ओढीने चपटी झाली. वाट बंद! कोंडलेल्या दाबाने डिपस्टिक वर उडवली आणि तेल तापलेल्या धुराड्यावर सांडलं. बॉनेटमधून धूर निघू लागला. मागच्या सीटवरून सत्तरीच्या आईला दंडाला धरून खाली ओढताना माझे हात किती कापत होते, ते मी विनोदी लेखातसुद्धा विनोदाने सांगू शकत नाही.

एक ट्रकवाला धावत आला. धूर विरल्यावर आत डोकावून म्हणाला, "ह्यो डबा कशाला?"

"तेल पकडायला."

"मंग हे समदं भाईर काय हाय?"

विरोधी पक्षाचं म्हणणं मला ठाऊक आहे. म्हणे, शर्यतीच्या गाड्यांना असा डबा असतो. असतो, कारण भरधाव वळणावर तेल उसळतं, आणि ते ट्रॅकवर सांडलं तर मागचा घसरतो. उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे रांगणाऱ्याने त्याची बरोबरी करू नये. म्हणे, व्हॉल्व्हवर काजळी धरते. तीही धरते, पण मुख्यतः ज्या नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात त्यांत. अशांनी नीट बनवलेला, तेल सोसणाऱ्या नळीचा डबा खुशाल बसवावा. आमच्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पेट्रोल व्हॉल्व्हवरूनच जातं आणि जाता जाता त्याला धुऊन काढतं. आणि म्हणे, स्वस्तात होतं. साठलेलं तेल मी वाळवीवर उपाय म्हणून कुंपणाशी ओतत होतो. जळकं तेल हा कायद्याने घातक कचरा आहे आणि आमची विहीर त्या कुंपणापासून वीस पावलांवर आहे. या स्वस्ताईचा हिशेब कोणी मांडायचा?

सारांश, इंजिन धडधाकट असेल तर घरगुती डब्याची गरज नाही, आणि आजारी असेल तर डबा पुरणार नाही.

हेच आमच्या मिस्त्रींनी कमी शब्दांत सांगितलं. इंजिन खोलून झिजलेल्या रिंगा माझ्या तळहातावर ठेवत ते म्हणाले, "सायेब, डब्याला शिव्या नका देऊ. त्यो दर ऐतवारी तुम्हाला सांगत व्हता, रिंगा गेल्यात म्हणून. तुम्ही वाट्या मोजत बसला."

आता गाडी ठीक आहे. देवीचं दर्शन पुढच्या नवरात्रात झालं. सौ.ला नवा डबा आणून दिला. त्यावर तिने रंगाने माझं नाव घातलं आहे आणि तो माझ्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवला आहे.