लाल चोचीचा पाहुणा शोधू या

मुलांनो, आणि मुलांना न्यायला आलेल्या पालकहो, या भित्तिपत्रकापाशी जरा थांबा. आज मला माझे एक मत मांडायचे आहे. आपल्या किनाऱ्यावर थंडीत येणारा कालवफोड्या पक्षी या वर्षी आपण सगळ्यांनी मिळून शोधला पाहिजे.

नाव ऐकून हसू नका. नावाप्रमाणेच त्याचे काम आहे. कालवे आणि शिंपले फोडून तो आतले मांस खातो. आकाराने कावळ्याएवढा, पण अंगाने भरलेला. डोके, मान, पाठ काळी, पोट पांढरेशुभ्र, पाय गुलाबी, डोळे लाल. आणि चोच? लांब, सरळ आणि तांबडी-केशरी, जणू गाजरच! उडाला की काळ्या पंखांवर रुंद पांढरा पट्टा दिसतो. उन्हाळ्यात रशियाकडच्या नद्यांकाठी पिल्ले वाढवायची आणि थंडीत आपल्याकडे यायचे, हा त्याचा नेम.

दोन वर्षांपूर्वीची पौषातली गोष्ट. खाडीच्या तोंडाशी कातळावर मला असे तीन पक्षी दिसले. उडताना कसे दिसतात ते पाहावे म्हणून मी टाळ्या वाजवल्या. ते उडाले. मला आनंद झाला. पण तिथेच कालवे काढत बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, कशाला उठवलात त्यांना? आता पाणी चढंल. त्यांची खायाची येळ गेली ना!"

मी खरोखर शरमलो. मुलांना रोज शिस्त शिकवणारा मी, आणि पाहुण्याला जेवत्या पानावरून उठवले! ओहोटीचे चार-पाच तास हीच त्यांची जेवणाची वेळ. मी विचारले, "मावशी, हा पक्षी तुमच्या ओळखीचा आहे?" त्या म्हणाल्या, "व्हय तर! दरसाल येतो. आमच्यासारकाच कालवा फोडतो."

मी ज्याला पुस्तकात शोधत होतो, तो मावशींना लहानपणापासून ठाऊक होता! पण त्यांचे हे ज्ञान कोणी वहीत उतरवले नाही. पुढच्या थंडीत मी पाच रविवार त्याच कातळावर गेलो. एकही दिसला नाही. ते आलेच नाहीत, की मी चुकीच्या वेळी गेलो? एकट्या माणसाच्या दोन डोळ्यांना हे कसे कळणार?

म्हणून मी म्हणतो, सगळ्यांनी शोधा. पुण्या-मुंबईचे कॅमेरेवाले येतात, त्यांचे स्वागतच आहे. पण ते दोन दिवस येणार आणि जाणार. रापण ओढणारे, तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या बाया, किनाऱ्यावर खेळणारी तुम्ही मुले तर रोजच तिथे असता. तुमच्याइतका चांगला निरीक्षक कुठून आणायचा?

कोणी म्हणेल, "गुरुजी, पक्षी बघून पोट भरते काय?" प्रश्न रास्त आहे. पण पक्ष्याचे आणि आपले पोट एकाच कातळावर आहे हे विसरू नका. हॉलंडच्या किनाऱ्यावर 1990 च्या सुमारास यंत्रांनी शिंपले इतके ओरबाडले, की कालवफोड्यांची उपासमार झाली. जिथे शिंपला संपतो तिथला पाहुणाही जातो. 2015 पासून जगाच्या यादीत हा पक्षी संकटाच्या उंबरठ्यावर म्हणून नोंदलेला आहे. उद्या आपल्या किनाऱ्यावर काही बांधायचे ठरले आणि कोणी विचारले, "इथे कुठले पक्षी येतात?" तर वही कोरी असून कसे चालेल?

गावाने मनावर घेतले तर काय होते ते आपल्याच जिल्ह्यात वेळासला पाहा. तिथे 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची अंडी राखायचे काम सुरू केले. गावकऱ्यांनी साथ दिली. आज कासवाची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लांबलांबून माणसे येतात.

आता शोधायचे कसे? भाट्ये, काळबादेवी, आरे-वारे, जिथे तुमचे जाणे-येणे आहे तिथेच बघा. वेळ तिथीवरून ठरवा. अष्टमीला ओहोटी साधारण दुपारी बाराला लागते. अमावास्या-पौर्णिमेला ती सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि भरती दुपारी. ओहोटीत पक्षी कातळावर, चिखलात चरतात. भरतीत ते एके ठिकाणी गोळा होऊन विसावतात, तेव्हा मोजायला सोपे. मात्र लाल चोच दिसली म्हणजे कालवफोड्याच, असे समजू नका. मोठ्या सुरय पक्ष्याचीही चोच लाल असते, पण त्याचे अंग पांढरे आणि डोक्यावर काळी टोपी असते.

लांबूनच बघा. दगड नको, टाळ्या नकोत, मागे कुत्रा नको. ज्या ठिकाणी पाण्याची ओढ असते तिथे एकट्याने जाऊ नका. वहीत तारीख, तिथी, जागा, वेळ आणि किती दिसले ते लिहा. दिसला नाही तर "दिसला नाही" असे लिहा. ही नोंदही तितकीच मोलाची. खोटी नोंद मात्र करू नका, कोरे पान त्याहून बरे.

ऑक्टोबर 2022 मध्ये पाणटिवळ्याच्या जातीचा एक पक्षी अलास्काहून निघून, वाटेत कुठेही न उतरता, अकरा दिवसांत टास्मानियाला पोचला. अंतर 13,560 किलोमीटर. वय अवघे पाच महिने! पाठीवर लहानसे यंत्र होते म्हणून हे जगाला कळले. आपल्या कालवफोड्याच्या पाठीवर यंत्र नाही. त्याची हकिकत तुमच्या वहीतच राहणार.

5 ते 12 नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली या दोन थोर पक्षिमित्रांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. त्या आठवड्यात वर्गाच्या खिडकीत एक वही बांधून ठेवणार आहे. पहिल्या पानावर माझी टाळ्यांची चूक आणि ते पाच रिकामे रविवार मी लिहीन. दुसरे पान त्या मावशींच्या आठवणींसाठी. तिसऱ्या पानापासून तुम्ही लिहा.

— तुमचे गुरुजी